ह्यू ट्रेसी : आफ्रिकेचे सूर नोंदवून ठेवणारा माणूस

मंडळी, जोहान्सबर्गला पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. सोवेटो, सोन्याची जुनी खाण, सिंह बघायला अर्धा दिवस आणि शेवटी हस्तकलेचा बाजार. त्या बाजारात लाकडी जिराफ आणि मण्यांच्या माळांच्या शेजारी एक छोटी लाकडी पेटी हमखास दिसते. वर पोलादाच्या अरुंद पट्ट्या बसवलेल्या असतात. पेटी दोन्ही हातांत धरायची आणि अंगठ्यांनी पट्ट्या छेडायच्या. हीच ती कलिंबा. मंडळातल्या निम्म्या मुलांकडे ती असेल. पारंपरिक आफ्रिकन वाद्य म्हणून आपण ती पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला भेट नेतो, आणि तिकडची मंडळीही कौतुकाने दिवाणखान्यात ठेवतात.

गंमत अशी की या रूपातली कलिंबा काही हजार वर्षं जुनी नाही. तिचं हे रूप १९५० च्या दशकात ठरलं, आणि तेही आपल्या जोहान्सबर्गच्या पश्चिमेला रूडपोर्टमध्ये. ठरवणारा माणूस मूळचा इंग्लंडचा. त्याचं नाव ह्यू ट्रेसी.

आणि कलिंबा हे त्याच्या कामातलं सगळ्यात किरकोळ काम!

आता मी काही संगीतातला माणूस नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, नोकरी आयटी कन्सल्टंटची. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी आईच्या भजनी मंडळाच्या पेटीला हात लावायचीही मला बंदी होती, यावरून माझा गळा आणि कान कसे असतील ते ओळखा. ट्रेसीकडे मी ओढला गेलो तो गाण्यामुळे नाही, त्याच्या कार्डांमुळे. पण कार्डांकडे जायच्या आधी माणूस कोण होता ते सांगतो.

ह्यू ट्रॅव्हर्स ट्रेसीचा जन्म १९०३ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या विलँड गावचा. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या त्याच्या मोठ्या भावाला, लेनर्डला, दक्षिण ऱ्होडेशियात म्हणजे आजच्या झिंबाब्वेत शेतीला जमीन मिळाली होती. भावाला मदत करायला ह्यू १९२१ साली तिकडे गेला. वय अठरा, हातात कॉलेजची पदवी नाही, काम तंबाखूच्या शेतात. गुटू भागातलं ते शेत. आजूबाजूची माणसं करांगा, शोना भाषेचीच एक शाखा बोलणारी. गोरा मालक मचाणावर बसून हुकूम सोडतो, हा तिथला रिवाज. हा मुलगा मात्र मजुरांच्या बरोबरीने शेतात राबला, त्यांची भाषा शिकला, आणि काम करताना ते जी गाणी म्हणत तीही शिकला.

त्या काळात गोऱ्या माणसाने असं करणं म्हणजे विचित्रच. मिशनऱ्यांच्या लेखी ही गाणी देवाधर्माच्या आड येणारी. सरकारी अधिकाऱ्यांच्या लेखी नुसता गोंगाट. शाळेत जाणाऱ्या आफ्रिकन मुलांनासुद्धा आपलं वाद्य वाजवायची लाज वाटावी, असं वातावरण. ट्रेसीच्या लक्षात आलं की हा गोंगाट नाही, याला पक्के नियम आहेत, आणि ते नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत. जाणते म्हातारे गेले की संपलं.

१९२९ साली त्याला पहिली संधी मिळाली. लंडनहून कोलंबिया कंपनीचं रेकॉर्डिंग पथक जोहान्सबर्गला आलं होतं. ट्रेसीने १४ करांगा तरुण बरोबर घेतले आणि सुमारे ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, प्रवास करून त्यांना इथे आणलं. आज आपण तेवढं अंतर गाडीने एका दिवसात काटतो. १९२९ मध्ये तेव्हाच्या रस्त्यांवरून, १४ जणांना घेऊन, कुणाचा पाठिंबा नसताना! त्या रेकॉर्ड्स म्हणजे ऱ्होडेशियातल्या स्थानिक संगीताचं पहिलं ध्वनिमुद्रण.

पुढे तो त्या तबकड्या घेऊन लंडनला गेला. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स आणि गुस्ताव होल्स्ट या दोन मोठ्या संगीतकारांनी त्या ऐकल्या. व्हॉन विल्यम्स स्वतः इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं गोळा केलेला माणूस. त्याला या कामाचं मोल लगेच कळलं. दोघांनीही ट्रेसीला सांगितलं की सिद्धांत वगैरे नंतर, आधी गोळा करत राहा. मग अमेरिकेच्या कार्नेगी संस्थेचं अनुदान मिळालं आणि त्याने दक्षिण ऱ्होडेशियातल्या गावागावांत हिंडून संशोधन केलं. अनुदान संपल्यावर घर चालवायला रेडिओची नोकरी धरली. १९३६ ते १९४७ तो डर्बनच्या केंद्राचा प्रमुख होता. आणि डर्बनमध्येच त्याच्या आयुष्याला वळण देणारी माणसं भेटली. ती म्हणजे चोपी.

चोपी लोक मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ झवाला भागात राहतात. त्यांतले बरेच पुरुष दक्षिण आफ्रिकेत मजुरीला येत. डर्बनमध्ये रस्त्यांवर आणि इथे जोहान्सबर्गला खाणीत. त्यांचं वाद्य तिंबिला. लाकडी पट्ट्यांचं, दोन काठ्यांनी वाजवायचं. दिसायला साधं, पण रचना बघा. प्रत्येक पट्टीखाली एका कडक कवचाच्या फळाची पोकळ करवंटी टांगलेली, त्या त्या सुराला बरोबर जुळेल एवढ्या मापाची. करवंटीला एक भोक, भोकावर जनावराच्या आतड्यालगतचा पातळ पडदा, तो मधमाश्यांच्या मेणाने बसवलेला. त्या पडद्यामुळे सुराला एक झणझणीत कंप येतो. आपल्याकडे तंबोऱ्याला जव्हारी असते ना, साधारण तोच हेतू.

अशी मोठी-लहान वाद्यं, कधी दहा कधी वीस, एकत्र बसतात. पुढे ढाली घेतलेले नर्तक. एका पूर्ण प्रयोगाला न्गोडो म्हणतात, आणि त्याचे साधारण नऊ ते अकरा भाग असतात. प्रत्येक भागाची लय वेगळी, नाच वेगळा. आधी शब्द रचले जातात, मग त्या बोलीभाषेच्या चढउतारावर चाल बसते, आणि मग नाचाचा प्रमुख येऊन त्यावर पावलं बांधतो. शब्दांचे विषय म्हणजे गावातलं सगळं. पोर्तुगीज सरकारचा कर, मुकादमाचा जाच, गावच्या प्रमुखाचं चुकलेलं वागणं. राजाच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते तिंबिलाच्या साथीने बोलता येई. आपल्या शाहिरांना आणि सोंगाड्यांना जी मोकळीक असे, तशीच.

१९४८ साली ट्रेसीचं चोपी संगीतकारांवरचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. त्यात त्याने कातिनी आणि गोमुकोमु या दोन चोपी रचनाकारांबद्दल लिहिलं, ते नावानिशी आणि संगीतकार म्हणून. ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा आफ्रिकन संगीत म्हणजे अमुक जमातीचं गाणं, इतकंच लिहायची पद्धत होती. जमात गाते, माणूस नाही, असा सगळा मामला. ट्रेसीने दाखवलं की इथे रचनाकार आहे, त्याचं नाव आहे, त्याची शैली आहे, आणि शेजारच्या गावच्या रचनाकाराशी त्याची चुरस आहे.

आणि सूर? इथे मला या माणसातला इंजिनिअर भेटला. आपल्या सप्तकात सात शुद्ध स्वर असतात, पण त्यांतली अंतरं सारखी नसतात. सा ते रे मोठं अंतर, ग ते म लहान. चोपी लोक सप्तकाचे जवळजवळ सात समान भाग करतात. आपल्या किंवा युरोपच्या कानाला ते बेसूर वाटतं, पेटीवर वाजवताच येत नाही. बाकीच्यांनी म्हटलं, या लोकांना वाद्य लावता येत नाही. ट्रेसीने म्हटलं, मोजून बघू. त्याने ५४ ट्यूनिंग फोर्कचा संच बाळगला होता. पहिला फोर्क सेकंदाला २१२ कंपनांचा, पुढचा २१६ चा, असं चार-चारने वाढत ४२४ पर्यंत. २१२ ची दुप्पट ४२४, म्हणजे बरोबर एक सप्तक. गावात गेला की वाद्याची एकेक पट्टी या फोर्कशी ताडून बघायची आणि आकडा लिहायचा. शेकडो वाद्यं अशी मोजल्यावर कुणाला बेसूर म्हणायची सोय राहिली नाही. कारण प्रत्येक कारागीर त्याच त्या ठरलेल्या अंतरांवर येत होता.

१९४७ च्या सुमारास ट्रेसीने रेडिओ सोडला आणि गॅलो या इथल्या रेकॉर्ड कंपनीच्या मदतीने पूर्णवेळ दौरे सुरू केले. मोझांबिक, ऱ्होडेशिया, न्यासालँड म्हणजे आजचं मलावी, बेल्जियन काँगो, रुआंडा, युगांडा, केनिया, टांगानिका. ट्रकमध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र आणि विजेसाठी जनरेटर. जनरेटरची घरघर येऊ नये म्हणून तो लांब न्यायचा, शक्यतो एखाद्या टेकाडाच्या किंवा मोठ्या वारुळाच्या आड, आणि लांबलचक वायर ओढायची. मायक्रोफोन स्टँडवर नाही, त्याच्या हातात. गाणारी बाई पुढे आली की मायक्रोफोन तिच्याकडे, ढोलाने उचल घेतली की ढोलाकडे. एकच मायक्रोफोन, पण ऐकताना वाटतं की आपण त्या घोळक्यात उभे आहोत.

१९५० साली केनियात कापकातेत इथे किप्सिगिस लोकांमध्ये त्याने एक गाणं टिपलं. त्याचं नाव चेमिरोचा. त्या भागात कुणीतरी चावीचा ग्रामोफोन आणि अमेरिकन गायक जिमी रॉजर्सच्या तबकड्या आणल्या होत्या. जिमी रॉजर्सचा झाला चेमिरोचा. पेटीतून आवाज येतो पण माणूस दिसत नाही, म्हणजे हा अर्धा माणूस आणि अर्धा हरीण असणार, अशी कल्पना झाली. मुलींनी त्याच्यावर गाणं रचलं आणि त्याला नाचायला बोलावलं. अमेरिकेतल्या रेल्वेत काम केलेल्या, क्षयाने १९३३ सालीच वारलेल्या गायकाला केनियातल्या पोरींनी वनदेवता करून टाकलं! हे गाणं ऐकायला मिळालं तर जरूर ऐका.

१९५२ साली काँगोच्या जादोव्हील गावी, म्हणजे आजच्या लिकासीत, त्याला रस्त्यावर गिटार वाजवणारा एक तरुण दिसला. म्वेंडा जाँ बॉस्को. ट्रेसीने त्याचं मसांगा नावाचं गाणं मुद्रित केलं आणि बॉस्कोच्या गिटारचं नाव सगळ्या आफ्रिकेत पोचलं. एरवी शहरी, मिसळलेल्या संगीताबद्दल ट्रेसी नाकं मुरडायचा. पण चांगलं वाजतंय म्हटल्यावर त्याचा हात मायक्रोफोनकडे गेलाच.

आता कार्डांकडे येतो. ट्रेसी प्रत्येक मुद्रणाची नोंद ठेवायचा. कोण गातंय, भाषा कोणती, गाव कोणतं, जिल्हा कोणता, देश कोणता, तारीख काय, वाद्य कोणतं, ते कशाचं केलंय, सूर कसे लावलेत, गाणं कशाचं आहे. जात्यावरचं, लग्नातलं, दारूच्या बैठकीतलं, मूल झोपवायचं, की नुसतं करमणुकीचं. त्याखाली दोन-चार ओळींत अर्थ. १९५४ साली त्याने रूडपोर्टला आफ्रिकन संगीताचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय स्थापन केलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे इलाम म्हणतात. राहत्या जागेला त्याने म्साहो नाव दिलं, चोपींच्या संगीत-मेळाव्याचं नाव. त्या ग्रंथालयाने साउंड ऑफ आफ्रिका नावाने २१० लाँग प्ले रेकॉर्ड्सची मालिका काढली आणि प्रत्येक गाण्याबरोबर ही कार्डं दिली. १९७३ साली सगळ्याची दोन खंडांत सूची छापली.

आमच्या धंद्यात याला मेटाडेटा म्हणतात. माहितीबद्दलची माहिती. आणि आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त रडवते ती हीच. मागे एका क्लायंटसाठी आम्ही वीस वर्षांच्या फायली नव्या सर्व्हरवर हलवत होतो. हजारो ध्वनिफिती होत्या, कॉल सेंटरच्या. डिस्क व्यवस्थित, बॅकअप व्यवस्थित, एकही फाइल खराब नाही. पण तपशिलाचा रकाना रिकामा, आणि नावं अशी, की नवीन एक, नवीन दोन, फायनल, खरंच फायनल. शेवटी त्या सगळ्या पुसून टाकायचा निर्णय झाला, कारण कुणाचा आवाज कशासाठी ठेवलाय हेच कुणाला सांगता येईना. आवाज शाबूत असूनही मेलेला होता. त्या दिवसांत मी ट्रेसीच्या कार्डांबद्दल पहिल्यांदा वाचलं. टेपवर आवाज राहतो हे खरं, पण तो कुणाचा ते टेप सांगत नाही.

आणि ट्रेसीला वेळ फार कमी होता, हे आज मागे बघताना कळतं. तीनच उदाहरणं देतो.

युगांडात बुगांडा राज्याचा राजा, कबाका. मेंगोच्या त्याच्या राजवाड्यात पिढीजात वादक असत. एंतेंगा नावाचा ढोलांचा संच होता, १५ ढोलांचा. त्यांतले १२ सुरांत लावलेले, म्हणजे ढोलांवर चक्क धून वाजे. सहा जण मिळून वाजवत. ट्रेसीने १९५० आणि १९५२ साली इथलं दरबारी संगीत मुद्रित केलं. १९६६ साली मिल्टन ओबोटेच्या सैन्याने इदी अमीनच्या हुकमतीखाली राजवाड्यावर हल्ला केला. कबाका लंडनला पळाला. राजवाडा जळला, वाद्यं गेली, वादक पांगले. पुढच्याच वर्षी ते राज्यच बरखास्त झालं. १९९३ साली राज्याची पुन्हा स्थापना झाली तोपर्यंत एंतेंगा वाजवू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. अलीकडे एका वृद्ध वादकाकडून तरुणांनी ते पुन्हा शिकून घेतलं.

दुसरं उदाहरण रुआंडाचं. न्यान्झा इथे राजाच्या दरबारचे ढोल त्याने १९५२ साली टिपले. १९६१ साली तिथली राजेशाहीच संपली.

तिसरं झांबेझी नदीच्या ग्वेम्बे खोऱ्यातल्या टोंगा लोकांचं. त्यांच्याकडे हरणाच्या शिंगांची वाद्यं असतात. एका शिंगातून एकच सूर निघतो. प्रत्येकाने आपला एकच सूर नेमक्या वेळी फुंकायचा, आणि सगळ्या गावाचे मिळून संगीत होतं. सुट्या माणसाला ते वाजवताच येत नाही. ट्रेसी तिथे १९५७ साली गेला. १९५८ च्या डिसेंबरात करिबा धरणाची दारं बंद झाली आणि खोरं पाण्याखाली गेलं. सुमारे ५७,००० टोंगा लोकांना उठवून दुसरीकडे नेलं. आपल्यातल्या कुणाचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं असेल तर गाव उठतं म्हणजे काय होतं हे त्याला सांगायला नको. घरं दुसरीकडे बांधता येतात. पण ज्यांचे सूर एकमेकांत गुंफलेले, ती घरं नव्या जागी शेजारी-शेजारी येतीलच असं नाही.

इथपर्यंत वाचून ट्रेसी म्हणजे देवमाणूस असं वाटलं असेल. तसं नव्हतं, आणि या देशात राहून ते न सांगणं बरं नाही.

पहिली गोष्ट पैशाची. त्याचे दौरे रेकॉर्ड कंपनीच्या पैशावर चालत, आणि कंपनी धर्मादाय नव्हती. गाणाऱ्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जागेवर काही रक्कम मिळे, आणि पुढे तबकडीचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध उरत नसे. दुसरी गोष्ट खाणींची. इथल्या सोन्याच्या खाणींत गावोगावचे मजूर रविवारी आपापले नाच करत. त्यासाठी १९४३ साली एका खाणीवर ट्रेसीने गोलाकार प्रेक्षागार आखून दिलं, आणि १९५२ साली त्या नाचांवर पुस्तकही काढलं. मजुरांना एक दिवस आपलं गाव भेटे, हे खरं. पण आठवडाभर जमिनीखाली राबणाऱ्या आणि बायकामुलांना आणायची परवानगी नसलेल्या माणसांचा नाच रविवारी गोरे पाहुणे टाळ्या वाजवत बघत, हेही तितकंच खरं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. १९४८ नंतर या देशात वर्णभेदाचं सरकार आलं. प्रत्येक जमातीने आपल्या भाषेत, आपल्या भागात, वेगवेगळं राहावं हे त्या सरकारचं धोरण. ट्रेसीला प्रत्येक जमातीचं संगीत शुद्ध, शहराच्या संसर्गापासून दूर राहायला हवं होतं. त्याचा हेतू निराळा होता. तरी हे बोलणं सरकारच्या पथ्यावर पडणारंच होतं, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याच्यावर हा ठपका ठेवला आहे.

सोफियाटाऊनच्या जॅझवाल्याला त्याने काय उत्तर दिलं असतं? आम्ही शहरात जन्मलो, हेच आमचं संगीत, असं तो म्हणाला तर? मला वाटतं ट्रेसीकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं. आपण परदेशातले मराठी लोक गणपतीत लेझीमबरोबर बॉलीवूड वाजवतो तेव्हा आपल्यालाही शुद्धतेचा आग्रह धरणारा एखादा काका भेटतोच. तो प्रेमापोटी बोलतो हे कळतं, आणि तरीही मुलं लेझीम सोडून पळतात.

पण माझ्या मते त्याची कार्डंच इथे त्याच्या मतांपेक्षा मोठी ठरली. ती कशी, ते त्याच्या मृत्यूनंतर कळलं.

ट्रेसी १९७७ साली गेला. त्याचा मुलगा अँड्र्यू ट्रेसी स्वतः एम्बीरा आणि तिंबिला शिकलेला. त्याने ग्रंथालय सांभाळलं. १९७८ साली ते रूडपोर्टहून ईस्टर्न केपमधल्या ग्रॅहॅम्सटाऊनला, ऱ्होड्स विद्यापीठात हललं. २०१८ पासून त्या गावाचं नाव मखांडा आहे. तिथे पुढच्या काळात तबकड्या आणि टेप डिजिटल झाल्या. मग तिथल्या लोकांनी ठरवलं की हे सगळं कपाटात ठेवून भागणार नाही, ज्यांचं आहे त्यांना परत नेऊन द्यायचं. आणि द्यायचं कुणाला, हे कुठे लिहिलं होतं? कार्डांवर.

२०१० च्या दशकाच्या मध्यावर केनियातल्या एका संगीत संस्थेच्या आणि एका इंग्लिश संस्थेच्या मदतीने त्यांनी युगांडा आणि केनियात ही फेरी केली. कार्डावरचं गाव शोधायचं, नावं विचारायची, आणि घरी जाऊन साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं गाणं हातात ठेवायचं. किप्सिगिस भागात तर तेव्हा ट्रेसीसमोर गायलेली दोन-चार माणसं अजून हयात भेटली. म्हाताऱ्या माणसाला आपलाच तरुणपणाचा आवाज ऐकू आला असेल तेव्हा काय झालं असेल, ते मी लिहायला नको.

या कामात कार्डांची कमतरताही दिसली. चेमिरोचाच्या कार्डावर मुख्य गायिकेचं नाव आहे, चेमुतोई केतियेन्या. तिच्या मागे गाणाऱ्या मुलींची नावं नाहीत. नुसतं लिहिलंय, किप्सिगिस मुली. इतका काटेकोर माणूस, पण कोरसमधल्या पोरींची नावं विचारायची राहिली. जिथे नाव लिहिलं गेलं तिथे घर शोधता येतं. नुसत्या मुली म्हटल्यावर कुणाचं दार वाजवणार?

चोपींची तिंबिला अजून वाजते. २००५ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या मौखिक वारशात मान दिला. आणि कलिंबा तर जगभर पोचलीच. न्यासालँड आणि उत्तर ऱ्होडेशियात अंगठ्याने वाजवायची अशी वाद्यं होती, नावं आणि घडण गावोगाव वेगळी. त्यांतलं कलिंबा हे नाव घेऊन ट्रेसीने आपली पेटी तयार केली आणि तिचे सूर मुद्दाम युरोपच्या सप्तकात लावले, म्हणजे परक्याला चटकन वाजवता यावी. मोठी पट्टी मध्यभागी, सा तिथे, मग रे एका बाजूला, ग दुसऱ्या बाजूला. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर चार-चार कंपनांनी मोजत राहिला, त्याचं नाव जगाला माहीत झालं ते सूर बदललेल्या वाद्यामुळे! १९७० च्या दशकात अमेरिकेच्या अर्थ, विंड अँड फायर या बँडच्या मॉरिस व्हाइटने ती रंगमंचावर वाजवली आणि मग विचारायलाच नको.

इथे दिवाळी येते ती जकरंदाच्या फुलांत, उन्हाळा सुरू होताना. आपण फराळाचे फोटो काढतो, व्हिडिओ कॉलवर आजीला अभ्यंगस्नानाची गाणी म्हणायला लावतो आणि ती फोनमध्ये टिपून ठेवतो. चांगलंच आहे. माझ्याही फोनमध्ये अशा चाळीसेक फायली आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मावशीची भोंडल्याची गाणी, एक कुणाचं तरी भारूड. या वर्षी मी त्या एकेक उघडतोय आणि प्रत्येकीला नाव देतोय. कोण गातंय, माहेर कुठलं, ती ओवी तिला कुणी शिकवली, मागे टाळ्या कुणाच्या आहेत. आजी सांगते, आणि सांगता सांगता आणखी दोन ओव्या आठवतात.

तुमच्याही फोनमध्ये असतील. लाडू-चिवडा झाल्यावर भारतात फोन लावा, सगळ्यांशी बोला, आणि फोन ठेवायच्या आधी मागे गाणाऱ्या बायकांची नावं तेवढी विचारून घ्या.